बोटीचा करदोटा

रहाटणी,
१४ सप्टेंबर

चि. धनेशला ताईचे आशीर्वाद, आणि भेटलास की दोन रट्टे.

तुझी चिठ्ठी जयसिंगनं रिकाम्या डब्यात घालून आणली, त्यामुळे तिला लोणच्याचा वास येतोय. लिहिलंस काय, तर 'ताई, आज बोट उडाली.' पुढं जेवण बरं आहे, हवा गार आहे, संपलं. अरे बाबा, बोट उडाली म्हणजे काय? बोटीनं पाण्यावर बसावं, तिला बोट म्हणतात ते त्यासाठीच. ती ओळ मी तुझ्या दाजींना तीनदा वाचून दाखवली, तर ते म्हणतात, 'कंपनीनं इन्शुरन्स काढला असंल.' ह्या माणसाशी मी पंचवीस वर्षं संसार केला.

तुझ्या फोनला तिकडं रेंज नाही, आणि असती तरी माझ्या कानांचा काय उपयोग? भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं ठोकाठोक ऐकली, आता फोनवर नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. त्यापेक्षा ही पत्रं बरी. जयसिंगचा टेम्पो तुमच्या बॅटऱ्या आणि पार्ट घेऊन आठवड्यातून दोनदा चाकणच्या शेडमधून कोयनेला जातो, तोच आपला पोस्टमन. शेडमध्ये माझे जेवणाचे डबे जातातच, त्यात एक पत्र जड नाही.

मला सांग, आपण बीडकडचे. आपल्या गावात पाणी टँकरनं येतं आणि ते येणार म्हणून बायका सकाळपासून घागरी लावून बसतात. त्या गावचं पोरगं आयटीआय करून पाण्यावर गाडी चालवायला जातं, हे कुणी सांगितलं होतं? हौद विसरलास का? तुला कसा आठवेल म्हणा, अडीच वर्षांचा होतास. टँकर नुकताच येऊन गेला होता. मी भाकऱ्या थापत होते, मागं वळून बघते तर तू नाहीस. हौदात हात घातला, हाताला काही लागेना. दुसऱ्यांदा घातला तेव्हा बोटांत तुझा करदोटा अडकला. कमरेच्या त्या काळ्या दोऱ्याला धरून तुला वर ओढलं. तुझे ओठ निळे होते, धन्या. ते मला अजून दिसतात.

परवा तुला एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडलांनी विचारलं, मुलगा काय करतो. दाजी म्हणाले, बोट चालवतो. ते म्हणाले, 'चिंचवडात?' आणि चहा न पिता गेले. हे काम सोड. चाकणला कंपन्यांना काय तोटा आहे?

उत्तर सविस्तर लिही.
तुझी ताई, कस्तुरा


कोयना बॅकवॉटर, जेट्टी,
२० सप्टेंबर

प्रिय ताई,

दोन्ही रट्टे लिहिल्याबरोबर पोचले. आता शांतपणे वाच, म्हणजे भीती जाईल.

गावाला जाताना मी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचो आणि तू ओरडायचीस, आठवतं? तळहात जरासा तिरका केला की वारा हाताला आपोआप वर उचलायचा. आमची बोट एवढंच करते. तिच्या पोटाखाली दोन पाय आहेत, एक पुढं, एक मागं, आणि प्रत्येक पायाच्या तळाशी एक आडवा पंख. तो पंख पाण्यातच राहतो. वेग आला की वाहतं पाणी त्याला वर ढकलतं. पाणी वाऱ्यापेक्षा कितीतरी जड, म्हणून एवढासा पंख अख्खी बोट माणसांसकट उचलतो. पोट पाण्याच्या वर आलं की घासणं थांबतं. घासणं थांबलं की वेग वाढतो आणि बॅटरीही कमी खर्च होते. झालं, यात उडणं-बिडणं काही नाही.

पण खरं सांगू? उडाल्यासारखंच वाटतं. आधी लाटा खालून थडाथड आपटत असतात आणि मग एकदम सगळं बंद. मोटर विजेची, तिचा आवाज नाही. पायांनी पाणी कापल्याची बारीक शिट्टी तेवढी येते. तू सांगायचीस ना, प्रेस बंद झाली की शॉपमध्ये कशी शांतता व्हायची, तसं.

आणि हे उगाच चाललेलं नाही. पलीकडच्या काठावर गावं आहेत. तिथल्या माणसाच्या छातीत दुखलं तर साध्या लाँचनं अलीकडं यायला दीड तास लागतो. आम्ही वीस मिनिटांत आणू. ते लोक काठावर उभे राहून आमच्याकडं बघतात, तेव्हा मला चाकणची कुठलीही कंपनी आठवत नाही.

एक बातमी. पुढचा पाय बदलायला बोट महिनाअखेरीस ट्रेलरवरून चाकणला येतेय, खंडेनवमीला शेडमध्येच असेल. मी इथं बॅटऱ्यांपाशी थांबणार. डबे द्यायला गेलीस की बघून घे, पण लांबून. मोनिका मॅडम म्हणून आमच्या इंजिनिअर आहेत, माझ्याहून लहान. त्या पंखावर बोटाचा ठसासुद्धा उमटू देत नाहीत. पंखाला जरा खरखर आली तरी पाणी नीट वाहत नाही.

लसणाची चटणी संपली.
तुझा धनेश


रहाटणी,
दसरा, २ ऑक्टोबर

चि. धनेशला आशीर्वाद. सोनं घे, सोन्यासारखा राहा. पाकिटात आपट्याचं पान आहे.

पाहिली तुझी बोट. ट्रेलरवर उंच चढवलेली, खाली दोन काळे कुळकुळीत पाय. एवढ्या लुकड्या पायांवर माझा भाऊ उभा राहतो? मी बघितलं आणि खाली एका खोक्यावर बसले. लोकांना वाटलं माझी शुगर उतरली.

काल शेडमध्ये खंडेनवमी जोरात झाली. ड्रिल मशीनला हार, वेल्डिंगला हार, चहाच्या मशीनलासुद्धा गंध-फूल. बोटीला नारळ फोडायचा मान मला दिला, सगळ्यांच्या जेवणाचं मी बघते म्हणून. मी पंखापाशी गेले, नारळ उचलला, तेवढ्यात तुझी मॅडम मध्ये हात घालून उभी.

"काकू, इथं नको. प्लीज."

"अहो, नवी गाडी आहे. गाडीला नारळ नको?"

"जमिनीवर फोडा ना. पंखाला बारीकसा टवका उडाला तरी धनेश पाण्यात जाईल."

माझ्याच भावाची काळजी मला शिकवते! मी जमिनीवर फोडला. बोटीच्या नाकावर कुंकू लावलं होतं, तेही तिनं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. तोंडावर मात्र गोड बोलते, पुरणाची पोळी दोनदा मागून घेतली.

धन्या, मी हसत लिहितेय पण मला खरंच भीती वाटते. रिक्षासुद्धा नवी घेतली की माणूस बंपरखाली जुनी चप्पल बांधतो, बिब्बा टांगतो. आणि एवढ्या वेगाची गाडी, खाली पाताळाएवढं पाणी, आणि तिला काही म्हणजे काही नाही! उघडीबोडकी. म्हणून डबे गोळा करायच्या निमित्तानं मी मागं थांबले आणि जे करायचं ते केलं. काय ते विचारू नकोस, तू हसशील. पंखाला मी बोट लावलेलं नाही, तुझी शपथ.

आता थोडी झोप लागेल.
ताई


कोयना बॅकवॉटर,
९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. सोमवारी जरा आपटलो. काही विशेष नाही, हनुवटीला दोन टाके पडले, इथल्या सरकारी दवाखान्यात घातले. जयसिंग वाढवून सांगेल, त्याचं ऐकू नकोस.

काय झालं ते तुला सांगतो, म्हणजे तू भलतंसलतं मनात आणणार नाहीस. पंख नुसता खालून ढकलला जात नाही, वरच्या अंगालाही त्याला ओढ असते. ती ओढ इतकी जबर असते की पाण्यावरची हवाही तिकडं यायला बघते. मध्ये पाणी घट्ट असतं म्हणून तिला वाट मिळत नाही. पण पायाला काही चिकटलेलं असेल, पाणवेल म्हण, पिशवी म्हण, दोरी म्हण, आणि ते पाण्यात लोंबत असेल, तर त्याच्या आडोशानं हवा पायावरून सरसर खाली उतरते. पंखाला पाण्याऐवजी हवा लागते आणि तो बोटीला सोडून देतो. आधी काही कळत नाही. एका क्षणात नाक खाली.

आमच्या पायाला पाणवेल अडकली होती. ती निघाली, विषय संपला. पुढच्या सोमवारपासून पुन्हा पूर्ण वेग, आणि १९ तारखेला पहिल्यांदा पलीकडच्या गावची आठ माणसं घेऊन जायचं आहे.

तू आराम कर. चटणी पोचली.
धनेश


रहाटणी,
१० ऑक्टोबर

धन्या,

हे पत्र मिळेल तिथं उभा राहून वाच, आणि वाचून होईपर्यंत बोटीला हात लावू नकोस.

पाणवेल नव्हती ती. असली तरी दुसरंही काही आहे. बोटीच्या पुढच्या पायाला मी करदोटा बांधलाय.

खंडेनवमीला. काळा दोरा, पाच पदरी, त्यात बिब्बा ओवलेला. पाय जिथं पोटाला मिळतो तिथं रबराचं टोपण आहे ना, त्याच्या आत गाठ मारली आणि उरलेला दोरा आत खोचला, मॅडमला दिसू नये म्हणून. काळ्या पायावर काळा दोरा, कुणाला दिसणार! पंखापासून लांब आहे म्हणून मला वाटलं काही बिघडत नाही. तुझी कंबर समजून बांधला रे. हौदात त्याच दोऱ्यानं तू हाताला लागलास, दुसरं मला काय सुचणार होतं?

तुझं पत्र वाचताना 'दोरी म्हण' इथपर्यंत आले आणि तीच ओळ चारदा वाचली. खोचलेला दोरा सुटला असणार. तो लोंबत असणार. तू रोज त्याच्यावर बसून जातोयस.

आणि तू खोटं बोललास. 'जरा आपटलो' म्हणे! जयसिंगला दाजींनी चहाला बसवून खोदून विचारलं. तो म्हणाला, बोट उलथली होती आणि तू तिच्या खाली होतास, तुझ्याबरोबर काम करणारा रणजीत काठावरून नावानं हाका मारत होता. मला नीट ऐकू येत नाही म्हणून जयसिंगनं हातवारे करून दाखवलं, बोट अशी आणि तू असा खाली. ते हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मी तशीच रिक्षा करून शेडमध्ये गेले. ऑफिसातल्या पोरानं तुमच्या जेट्टीच्या चौकीला फोन लावला, तो लागेना. मग जयसिंगच्या पाया पडले. तो उद्या पहाटेच निघतो म्हणालाय. चाकणहून काही पट्ट्या न्यायच्या आहेत, त्या आधी दे किंवा नंतर, पण हे पत्र पहिल्यांदा हातात दे, असं त्याला बजावलंय.

रबर वर कर. कात्रीनं काप. गाठ सोडवत बसू नकोस, माझी गाठ पक्की असते. मॅडमला सांग मी केलं म्हणून. डबे बंद केले तरी चालतील. मला काय बोलायचं ते बोलू दे, फक्त तू त्या बोटीवर जाऊ नकोस.

तुला वाचवायला बांधला होता रे.
ताई


कोयना बॅकवॉटर,
११ ऑक्टोबर

ताई,

आधी हे वाच: दोरा बोटीवर नाही. सोमवारपासूनच नाही. जयसिंगला मी चहा पाजून थांबवून ठेवलाय, हे पत्र घेऊन तो आजच परत निघेल. आता श्वास घे.

मी खोटं लिहिलं ते तुझ्यासाठीच. दोरा तुझा आहे हे मला ठाऊक होतं, आणि तुला कळलं तर तू जेवायची नाहीस हेही ठाऊक होतं. हवेचं ते सगळं लिहायची हुशारी केली नसती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी काय झालं ते आता खरं लिहितो. वेगाचा काटा पन्नाशीच्या वर होता. शिट्टी चालू होती, ती थांबली. पुढं नुसतं पाणी. मी काचेवरून फेकला गेलो. अंगात जॅकेट होतं, त्यानं मला वर उचललं ते थेट उलथलेल्या बोटीच्या आत. वर डोकं काढायला जागाच नाही. चाचपडत खाली आलो, पुन्हा वर आपटलो. पाणी हिरवं, काही दिसेना. नाकातोंडात जायला लागलं. बोट एका कुशीवर कलली होती, काठावरून हात बाहेर काढला तो तिच्या पुढच्या पायापाशी गेला, आणि हाताला दोरा लागला.

डोळे मिटलेले होते तरी ओळखला. पाच पदर, दुहेरी गाठ, मध्ये बिब्बा. ताई, याच दोऱ्यानं मला पाडलंय हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. मला वाटलं तू आलीस. मी त्याला धरून राहिलो. मग कळलं की पाय इथं आहे म्हणजे बाहेर तिकडं आहे. तसाच ओढत बाहेर आलो. वर येऊन खोकत होतो तेव्हा दोरा तुटून मुठीत आला होता, आणि तेव्हा कळलं बोट का बसली ते.

तो खिशात लपवला. बिब्बा आपटून फुटला होता, त्याच्या तेलानं मांडीला हा एवढा फोड आलाय. हनुवटीपेक्षा तो जास्त दुखतो, त्याचा रट्टा मात्र मी तुला देणार आहे.

मॅडम दोन दिवस पंख तपासत होत्या. जेवायलाही उठत नव्हत्या. मला बघवेना, आणि १९ तारखेला आठ माणसं बसणार होती. मी जाऊन दोरा त्यांच्यापुढं ठेवला. वाटलं, आता तुझे डबे गेले. त्यांनी तो उचलून गाठ निरखून बघितली. मग म्हणाल्या, "माझी आई माझ्या स्कूटीच्या डिकीत दर अमावस्येला लिंबू ठेवते. मी काढून टाकते आणि तिला सांगत नाही." पाण्यात जाळ्याचे तुकडे असतात, पिशव्या असतात, आज ना उद्या हे होणारच होतं, असंही म्हणाल्या. जयसिंगनं आणलेल्या पट्ट्या त्यासाठीच आहेत. पायाला आडव्या बसवायच्या, म्हणजे खाली उतरणारी हवा त्यांच्यावर अडते. त्या बसल्या की मुद्दाम दोऱ्या बांधून, रिकाम्या बोटीवर, लांबून चालवून बघणार आहेत. झालं ते बरं झालं असं मी म्हणणार नाही. मेलो असतो.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. मला भीती वाटतेय. दोरा गेला, पट्ट्या आल्या, सगळं पटतं. पण काल बोट नुसती पाण्यावर उचलून बघायची होती, तर हँडल पुढं ढकलताना हात थांबला. तीनदा वेग धरला, आणि बोट उठायच्या आत तीनदा सोडला. रणजीतला म्हणालो, मोटर गरम होतेय. ती शांतता मला इतकी आवडायची, आता तीच नको वाटते. पुढच्या रविवारी माझ्या मागं आठ माणसं बसतील, आणि ती माझ्या पाठीकडं बघत असतील.

काय करू?
धन्या


रहाटणी,
१४ ऑक्टोबर

चि. धन्या,

तुझं पत्र मी दाजींकडून मोठ्यानं वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग देवापाशी ठेवलं. दोरा नाही हे कळल्यावर तुझे दाजी रडले, आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणाले.

काय करू विचारलंस. मी आधी लिहिलं, 'सगळं टाकून घरी ये.' पान भरून लिहिलं. मग ते फाडलं, कारण तू आलास तर इथं शिफ्टला जाशील, डबा नेशील, आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावताना तुझा हात थांबेल. मला माहीत आहे. हौदाच्या त्या दिवसानंतर मी चार महिने पाणी काढायला गेले नव्हते. शेवटी आईनं मला हाताला धरून नेलं आणि माझ्याबरोबर हौदात हात घातला. तिलाही भीतीच वाटत होती, तिचा हात मला लागत होता.

शनिवारी मी जयसिंगबरोबर येते. रविवारच्या आठांत एक जागा माझी धर. पलीकडच्या गावचं कुणी नाराज होणार असेल तर त्याला माझ्याकडून लसणाची चटणी दे. डबे दोन दिवस शेजारच्या सुमनताई बघतील. दाजी 'तू चाललीस?' असं इतक्यांदा म्हणाले की शेवटी मी ऐकू येत नाही असं दाखवलं.

मी घाबरलेली आहे, हे मॅडमला आधीच सांगून ठेव. आयुष्यात कधी होडीतही बसलेली नाही. सकाळी काही खाऊ नये की थोडं खावं, ते जयसिंगबरोबर कळव. मॅडमला म्हणावं, माझी पिशवी, कनवट, सगळं तपासून घ्या. दोरा, बिब्बा, लिंबू, काही आणणार नाही. हळदी-कुंकवाची पुडीसुद्धा घरीच ठेवते.

मला फक्त तुझ्या पाठीमागची जागा पाहिजे. जयसिंग म्हणाला, तुमच्या जॅकेटला मागं माणसाला वर ओढायचा एक पट्टा असतो. तो मी धरून बसणार. हँडल तू ढकल, ते मला जमायचं नाही.

बोट उठली की मी ओरडणार आहे. भीतीनं ओरडणार, लाज नाही. मला स्वतःला ते धड ऐकू येणार नाही, पण तुला येईल, तुझ्या त्या शांततेत तर चांगलंच येईल. माझं ओरडणं कानावर येतंय तोवर मी तुला धरलेलं आहे असं समज, आणि पुढं बघून चालव.

येतेच.
ताई